इरूचा डावा कान

डॉक्टर काय काय विचारणार ते रुग्णालयाने सकाळीच कळवलं होतं, आणि त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मयुरीकडे नव्हतं.

दुखणं नेमकं कुठे आहे? कानात, कानामागे की जबड्यात? ठणकतं की टोचतं? आडवं झाल्यावर वाढतं का? गिळताना? चावताना? अमरावतीच्या रुग्णालयाचा तो फोनवरचा आवाज माणसाचा नव्हता, पण फार मायाळू होता. "डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो," तो समजावत होता. "पालकांनी आधी तयारी करून ठेवली तर निदानाला मदत होते. तुमची पडद्यावरची वेळ दुपारी चारची आहे."

मयुरीने फोन ओट्यावर उपडा ठेवला. इरू खुर्चीवर मांडी घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या काठावर मांडत होती. खात मात्र काहीच नव्हती. तोंड जरासं डावीकडे वळवून ती समोर बघत होती. गेले काही दिवस ती अशीच बघायची. डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून पोरगी चांगला कान पुढे करते, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

"इरू, कान दुखतो का गं?"

"काय?"

मयुरी तिच्या उजव्या बाजूला गेली. "कान दुखतो का?"

"नाही."

"अगदी थोडासुद्धा नाही?"

इरूने विचार केला. सहा वर्षांची होती, पण उत्तर द्यायचं तर नीट द्यायचं, असा तिचा स्वभाव. "दुखणं म्हणजे सुई टोचताना टुक होतं, तेच ना? तसं नाही होत."

"आणि टुक झाल्यानंतर?"

"नंतर काय? नंतर संपतं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. तिच्यापुरतं दुखणं तेवढंच होतं. एक टुक, आणि मग संपलं.

इरूच्या मानेवर, केसांच्या रेषेखाली, रुपयाएवढी एक पट्टी होती. शमनपट्टी हे तिचं कागदावरचं नाव. वरुडात आणि सगळीकडेच लोक तिला नुसतं पट्टी म्हणत. वेदना शरीरात दोन वाटांनी चालते. तव्याला बोट लागलं की एक चटका विजेसारखा मेंदूकडे धावतो आणि हात मागे येतो. त्याच्या मागून, बारीक आणि संथ तंतूंवरून, दुसरी वेदना येते. तीच मग रेंगाळते, रडवते, झोपू देत नाही. मानेच्या वरच्या मणक्यांजवळ अंगातल्या आणि चेहऱ्यातल्या वेदनांच्या वाटा एकमेकींजवळ येतात. पट्टी तिथे कान लावून बसते. पहिल्या वाटेवरचा चटका ती जाऊ देते, म्हणजे मूल विस्तवातून हात काढतं. दुसऱ्या वाटेवर काही हललं की ती नेमकी उलटी लहर सोडते आणि दोन्ही लहरी एकमेकींना गिळून टाकतात. बाहेरचा गोंगाट मारणारे हेडफोन असतात, तसंच.

पट्टी आली तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. दात येताना पोरं रडेनाशी झाली. बालवाडीतली मुलं पडायची, उठायची, गुडघ्यावरचं रक्त बघून नवल करायची आणि परत पळायची. जखमेवर फुंकर घालायची कुणावर वेळच येईना.

मयुरीच्या घरात तर पट्टीने संसार सावरला होता. इरू तान्ही असताना पोटदुखीने सतत किंचाळायची. न झोपलेले दोघं नवराबायको एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. एकदा हर्षद बॅग भरून परतवाड्याला भावाकडे निघून गेला होता, तो चांगला आठवडाभर आलाच नाही. मग सरकारी दवाखान्यात पट्टी मिळाली. त्याच संध्याकाळी इरू मयुरीच्या मांडीवर शांत पडून हातांची बोटं निरखू लागली आणि मयुरीने हर्षदला फोन लावून नुसता तो शांतपणा ऐकवला. तो शेवटच्या बसने परत आला. "आपलं लग्न पट्टीनं लागलं," तो पुढे पाहुण्यांना हसत सांगायचा. मयुरीला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

आता मात्र तीच पट्टी आड येत होती. महिन्यापूर्वी इरूला सर्दी झाली, डाव्या कानातून पू आला. गावातल्या डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली. पू थांबला. पट्टीवरचा बारीक दिवा काही दिवस पिवळा होता, तो पुन्हा हिरवा झाला. "हिरवा आहे ना? मग काळजी नको," डॉक्टर म्हणाले. थेट अमरावती गाठली असती तरी तिथल्या दारातलं यंत्र आधी दिवाच बघतं. हिरव्याला पुढच्या महिन्याची तारीख. आजची वेळ मिळाली तीसुद्धा मयुरीने रोज फोन करून त्या मायाळू आवाजाला भंडावलं म्हणून.

तिला भीती कशाची वाटत होती ते तिलाच धड सांगता येत नव्हतं. पोरगी खात नाही. चिडते. काल दाराच्या चौकटीला धडकली, दार काही नवीन नव्हतं. संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये मयुरी प्रतवारीचं काम बघायची. वरून तुकतुकीत दिसणारं फळ हातात घेतल्यावर कुठेतरी हलकं लागतं, तसं तिला इरूला उचलताना वाटत होतं. पण हे काही डॉक्टरला सांगण्याजोगं नव्हतं. आज तिने शेडवर सुट्टी टाकली होती.

"इरू, इकडे ये. आपण शब्दशब्द खेळू."

ती इरूला घेऊन पलंगावर बसली. लहानपणी तिचाही कान दुखायचा. आई तव्यावर फडकं गरम करून शेकायची आणि विचारायची, ठणका लागलाय की कळ येते गं? तेव्हा उत्तर लगेच यायचं. आता पोरीला काहीच ठाऊक नसताना ते शिकवायचं कसं?

"ठणका म्हणजे बघ, आत कुणीतरी ढोल बडवतंय. धम्म, धम्म, धम्म. कळ म्हणजे लाटेसारखी येते आणि जाते. चमक म्हणजे वीज. सर्रकन. आणि ठुसठुस…"

"ठुसठुस!" इरू खदखदून हसली. "ठुसठुस, ठुसठुस! आई, मला ठुसठुस पाहिजे."

मयुरीने तोंड फिरवलं. डोळे पुसून तिने फोन उचलला आणि हर्षदला लावला. तो शिकवायचा ती शनिवारची सकाळची शाळा अजून सुटायची होती. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मी पट्टी काढतेय," ती म्हणाली.

"काय?"

"थोड्या वेळापुरती. तिला कळू दे काय होतंय ते. त्याशिवाय मी डॉक्टरला काय सांगू? दिवा हिरवा आहे हे त्यांना तिथूनही दिसतंच."

"वेडी झालीस का तू?" गलक्यापासून दूर गेल्यामुळे असेल, त्याचा आवाज एकदम जवळ आला. "पोरीला मुद्दाम दुखवायचं? आणि काही नसेलच तर?"

"नसेल तर दुखणारच नाही. मग उलट बरंच."

"आणि असेल तर? मयुरी, तिनं जन्मात दुखणं पाह्यलं नाही. भीतीनं मरेल ती. मी येतो. मी येईतोवर हात लावू नकोस, समजलं ना?"

"ये लवकर," ती म्हणाली. हात लावणार नाही असं मात्र म्हणाली नाही.

तिने वाट पाहिली. भांडी आवरली, आवरलेली परत आवरली. शाळा गावाबाहेर होती, आणि शनिवारी सुटल्यावर शिक्षकांची बैठक असायची. दोन वाजून गेले. इरू जमिनीवर रंग घेऊन बसली होती. ती तोंड आणखी डावीकडे वळवून कागदाकडे तिरकं बघत होती, आणि तिने सूर्याच्या शेजारी आणखी एक सूर्य काढला होता. मयुरीने हातातला कप खाली ठेवला.

"इरू, एक खेळ आहे," ती म्हणाली. "मी तुझी पट्टी जरा काढते. मग तुला आत काय वाटतं ते तू मला सांगायचं. ठीक आहे?"

"ठुसठुस?"

"बघू."

नखाने कडा उचलून तिने पट्टी सोलून काढली. दिवा विझला. खाली पांढुरक्या कातडीचा एक गोल दिसला, त्याला वर्षानुवर्षं ऊन लागलं नव्हतं.

सुरुवातीला काही झालं नाही. इरू रंगवत राहिली. मयुरीला हायसं वाटू लागलं, आणि तेवढ्यात इरूचा हात थांबला. तिने मान वर केली आणि खोलीत कुणी आलंय का बघावं तसं इकडेतिकडे बघितलं.

"आई, काय आहे ते?"

"कुठे?"

"इथे. आई, ते काय आहे?" तिने हात डोक्याला लावला, काढला, परत लावला. "ते जाऊ दे. आई, त्याला सांग जा म्हणून!"

आणि मग ती ओरडली. इरू तान्ही होती त्यानंतर त्या घरात असा आवाज झाला नव्हता. ती उठली, भिंतीकडे धावली, तिथून मयुरीकडे, तिला ढकलून परत भिंतीकडे. दुखण्यापासून पळून जाता येतं असं तिला वाटत होतं. मयुरीने तिला धरलं तर तिने हाताला कडकडून चावा घेतला.

"ढोल वाजतोय का राणी? धम्म धम्म?"

"नाही!"

"वीज? सर्रकन?"

"नाही, नाही! तू खोटं सांगितलं! तसं नाहीये!"

दार धाडकन उघडलं. हर्षद चपला न काढताच आत आला. त्याने इरूला बघितलं, पलंगावर उताणी पडलेली पट्टी बघितली, आणि ती उचलली.

"थांब," मयुरी आडवी आली. "एकच विचारू दे."

"बाजूला हो."

"हर्षद, एकदाच विचारते. नाहीतर हे सगळं फुकट जाईल. तिनं एवढं सोसलं तेही फुकट जाईल."

तो थांबला. पटलं म्हणून नाही. इरूने त्याच्या पायांना मिठी मारली होती आणि त्याला हलताच येईना. तो खाली बसला. त्याचा चेहरा ओला झाला होता. त्याने तिला मांडीवर घेतलं आणि मयुरीकडे न बघता, अगदी हळू आवाजात विचारलं, "पिल्लू, बाबाला सांग. कुठे होतंय? बोटानं दाखव. मग बाबा लगेच पट्टी लावतो."

इरूने हुंदका गिळला. तिने बोट कानाशी नेलं, आणि तिथून पुढे, कपाळाच्या बाजूने, डाव्या डोळ्याशी आणलं.

"डोळ्यात?"

"मागे. डोळ्याच्या मागे. कुणीतरी दोरी बांधलीय. कानातून आत ओढतंय." तिला श्वास पुरेना. "सोडतच नाही."

हर्षदने पट्टी लावली. दिवा हिरवा लागला. थोड्या वेळाने इरूचं अंग सैल पडलं. ती रडायची थांबली, बाबाच्या खांद्यावर मान टाकून आईकडे बघत राहिली. मयुरीने हात पुढे केला तशी तिने तोंड फिरवलं.

चार वाजता पडद्यावर डॉक्टर लोथे आल्या. तिशीतल्या, थकलेल्या, बोलताना शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर नजर ठेवून. "दिवा हिरवा आहे," त्या म्हणाल्या. "गावच्या डॉक्टरांचा अहवालही बरा आहे. तुमची नेमकी तक्रार काय?"

मयुरीने दिवसभर मनात घोळवलेली वाक्यं होती. कानात ठणका, अधूनमधून कळ. नीटनेटकी, डॉक्टरांना ओळखीची वाटतील अशी. ती तिने गिळली.

"मी आज दुपारी हिची पट्टी काढली होती," ती म्हणाली.

डॉक्टरांची नजर शेजारच्या पडद्यावरून उठली.

"कान दुखतो असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, डाव्या डोळ्याच्या मागे दोरी बांधलीय आणि कुणीतरी ती कानातून आत ओढतंय. सोडतच नाही."

"हे तुमचे शब्द की तिचे?"

"तिचे," हर्षद मागून म्हणाला. "मी ऐकले."

डॉक्टर एकदम पुढे झुकल्या. "तिला कॅमेऱ्यासमोर बसवा. बाळ, तुझं नाव काय? इरू? इरू, डोकं हलवायचं नाही हं. बाबा डोकं धरतील. फक्त डोळ्यांनी आईचं बोट बघ. आई, बोट तिच्या उजवीकडे न्या. छान. आता डावीकडे."

मयुरीने बोट डावीकडे नेलं. इरूचा उजवा डोळा बोटामागोमाग आला. डावा अर्ध्या वाटेत थांबला आणि तिथेच राहिला.

"मला आईची दोन बोटं दिसतात," इरू म्हणाली.

पोरगी तोंड वळवून बघत होती ती कानासाठी नव्हेच. एकाची दोन दिसू नयेत म्हणून तिने आपल्यापुरती सोय लावून घेतली होती.

"ऐका," डॉक्टर म्हणाल्या. आता त्यांच्या बोलण्यात थकवा नव्हता. "कानामागच्या हाडातला जंतुसंसर्ग औषधांनी वरवर दबलाय, पण आत, कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत गेलाय असं दिसतंय. डोळा बाहेर वळवणारी नस तिथूनच जाते. त्याच्या पुढे मेंदूचं आवरण आहे. उद्यावर टाकू नका. आत्ता निघा. दारातल्या यंत्राला मी सांगून ठेवते."

"पण दिवा हिरवा कसा?" हर्षदने विचारलं. तो जणू दिव्याशीच भांडत होता.

"पट्टी मुलाची रोजची पातळी शिकते आणि त्याहून अचानक वाढलं तरच रंग बदलते," डॉक्टर म्हणाल्या. "हे इंचाइंचाने वाढलं असणार. ती दाबत गेली, आणि तिला त्याची सवय होत गेली. खरं सांगू? असं दुखणं कुणी सांगितलेलं मी फक्त शिकताना वाचलंय. तुम्ही नसता सांगितलंत तर मीही पुढच्या महिन्याची तारीख दिली असती."

गाडीत इरू मागे बाबाच्या मांडीवर होती. मयुरी गाडी चालवत होती. संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या. मोर्शीच्या पुढे हर्षद म्हणाला, "मी असतो तर काढू दिली नसती."

"माहीत आहे."

"अजूनही मला तू काढलीस ते आवडलेलं नाही."

"मलाही नाही आवडलेलं," मयुरी म्हणाली, आणि त्याने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. इरू जागी होती. ती आरशातून आईकडे बघत होती.

शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली. हाडातला पू काढला, कानात बारीक नळी बसवली. मेंदूचं आवरण वाचलं होतं. डोळ्याची नस सावरायला वेळ लागेल, पण सावरेल, असं डॉक्टर लोथेंनी सांगितलं. हर्षद रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडला. मयुरीला रडू आलं नाही. चावलेल्या हातावरच्या खुणा ती अंगठ्याने दाबून बघत बसली.

इरू शुद्धीवर आली तेव्हा तिने पाणी मागितलं ते बाबाकडे. औषध बाबाकडून घेतलं. मयुरी जवळ आली की ती दोन्ही हात मानेमागे नेऊन पट्टी झाकायची. असे दिवस गेले. परिचारिका म्हणायच्या, पोरं विसरतात, ताई. इरू विसरली नव्हती. एकदा हर्षद डबा आणायला खाली गेला होता, तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, "ते तू सुरू केलंस."

मयुरीने मनात तयार ठेवलेलं उत्तर होतं. ते आधीपासून आत होतं, मी फक्त दाखवलं. ते खरंही होतं. पण तिच्याच्याने ते बोलवेना.

"मी पट्टी काढली," ती म्हणाली. "आणि खेळ आहे असं सांगितलं. खेळ नव्हता तो."

"खोटं सांगितलं."

"हो."

इरूने मान वळवून आईकडे बघितलं. "परत काढशील?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! पोरीने लगेच हात मानेवरून काढले असते. कदाचित गळ्यातही पडली असती.

"लागलं तर काढेन," मयुरी म्हणाली. "पण आधी सांगेन. खरं काय ते सांगेन."

इरूने भिंतीकडे तोंड केलं. पण थोड्या वेळाने तिने एक हात मानेवरून खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लोथे आल्या. आता नुसत्या दिव्यावर विसंबता येणार नाही, त्या म्हणाल्या. रोज थोडा वेळ पट्टी काढून आतलं दुखणं उतरतंय का ते इरूकडूनच ऐकायचं. आधीच्याइतकं नसेल, जखमेचं असेल, सोसण्यासारखं. हर्षदने मयुरीकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि मान हलवली. परिचारिका हातमोजे चढवत पुढे झाली.

इरू मागे सरकली. पाठ पलंगाच्या गजांना टेकली. तिने बाबाकडे बघितलं, परिचारिकेकडे बघितलं.

"ह्यांनी नको," ती म्हणाली. "आईनं."

मयुरी उठली. ती पलंगाच्या काठावर बसली आणि इरूने पाठ वळवून मान खाली घातली. ते पांढुरकं कातडं पट्टीच्या कडेने जरासं दिसत होतं.

"आता काढते," मयुरी म्हणाली. "दुखेल."

"किती?"

"मला नाही माहीत गं. मला कळत नाही. तूच सांग."

इरूने मागे हात करून आईचं मनगट चाचपडलं, घट्ट धरलं. "काढ," ती म्हणाली.